सुमगोलची नळी

बुसानच्या डोंगरउतारावरची आमची वस्ती सुमगोल, म्हणजे श्वासाची घळ. चढाच्या पायथ्याशी पाटी आहे: हा चढ चढताना धाप लागते, म्हणून हे नाव.

ओक्बुनमावशीला ती पाटी मान्य नव्हती. "आम्ही पाण्याचे डबे घेऊन चढायचो, तेव्हा कुणाला धाप लागली नाही. नाव विहिरीमुळे पडलंय."

युद्धात पळून आलेल्यांनी ती विहीर खणली होती. घरोघरी नळ आल्यावर ती बुजवली, पण विहिरीला श्वास घेता यावा म्हणून तिच्यात एक नळी उभी ठेवली. ती अजूनही मावशीच्या नूडल्सच्या दुकानात, चुलीमागे जमिनीतून वर आलेली आहे.

मी भूगर्भशास्त्र शिकले. बाहेरचा दाब बदलला की अशी नळी हवा आत घेते, बाहेर सोडते. हे फार सावकाश चालतं, तासन्‌तास. मावशीला समजावलं, तर म्हणाली, "बरं झालं शिकलीस. आता कांद्याची पात चीर."

परवा ती बाजारात गेलेली असताना तिच्या मुलाने, पिल्सूदादाने, नवी फरशी बसवली आणि नळीत सिमेंट भरलं.

"मावशी ओरडेल, दादा."

"ओरडू दे. कोंदट वास येतो त्या भोकातून. तूच म्हणतेस ना, नुसती हवा आहे?"

दुपारपर्यंत सिमेंट घट्ट झालं. मावशी आली ती दारातच बसली. तोंड उघडं, ओठ निळसर, हवा आत जाईना. दादाने रुग्णवाहिकेला फोन लावला, पण पत्ता सांगतासांगता त्यालाच धाप लागली. मग मला. मावशीने चुलीमागे बोट दाखवलं.

मी छिन्नी उचलली. सिमेंट फुटलं आणि नळीने इतका लांब श्वास ओढला की टेबलावरचे कागदी रुमाल एकामागोमाग एक आत गेले. मग ती थांबली. मग सोडला, उबदार. पुन्हा घेतला. मी मावशीच्या छातीकडे पाहिलं. तीच लय.

"गाढवा!" मावशी दादाला म्हणाली. "विहीर बुजवली तेव्हा आधी नळी ठेवायची राहूनच गेली होती. तेव्हा पडलं हे नाव."

मी बाहेर आले. चढाच्या पायऱ्यांवर, अगदी खाली पाटीपर्यंत, माणसं पिशव्या बाजूला टाकून बसली होती. सगळ्यांच्या छात्या एकाच वेळी वर होत होत्या, एकाच वेळी खाली.

माझीही.