नखाने उघडायचा चाकू

हळर्णला आमच्या काजीच्या डोंगरावर मी विळा नेत नाही. ओटीत काजू वेचताना सतत वाकायचं, उठायचं. कमरेला उघडं पातं कोण खोचणार? मिटायचा चाकू हवा. वेल कापायला, सुंभ तोडायला, बोंडूपासून काजू सोडवायला. जुन्याचं पातं परवा मोडलं. तो इतका सैल होता की नुसता झटकला की उघडायचा.

तो मोडला मात्र, माझ्या थोरल्याने, साईशने, संधी साधली. "आये, आता पुरे. डोंगर खंडाने देऊन टाकूया. तू घरात बस."

घरात बसून काय करू, भिंती राखू? म्हटलं, "आधी चाकू घेऊन दे, मग बोल."

डिचोलीच्या बाजारात कृष्णनाथच्या दुकानात दोघं गेलो. त्याने पहिला काढला त्यात कात्री, पेचकस, बाटली उघडायचं, दात कोरायचं, सगळं. "मावशे, बारा कामं करतो हा."

"माझा घोवसुद्धा एवढी करत नव्हता. पातं दाखव मला."

दुसऱ्याची मूठ प्लास्टिकची, घामाला निसटणारी. तिसरा बरा होता. लाकडी मूठ, बोटभर पातं. पण उघडायला पात्यावर खाच, तिच्यात नख अडकवायचं. मी लावलं. निसटलं. परत लावलं. परत निसटलं.

नख असलं तर ना! ओले काजूगर सोलून सोलून सालीच्या डिकाने, त्या जळजळीत चिकाने, नखं खाल्लीत माझी. अंगठ्याला नुसतं कातडं उरलंय. ते काय या पोरांना सांगत बसू?

"स्प्रिंग बेकार आहे," मी म्हटलं.

कृष्णनाथने घेतला आणि टक्क करून उघडला. "बेकार खंय, मावशे? लोण्यासारखा चालतो."

साईश माझ्या अंगठ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडावर दया आली, आणि तीच मला खपत नाही. मी चाकू मिटला, तोंडाशी नेला आणि पातं दातांनी ओढलं. उघडलं. ओठही फाटला.

"आयो, रक्त!" कृष्णनाथ फडकं शोधायला धावला.

"झालं," साईश म्हणाला. "उद्याच खंडकऱ्याला फोन करतो."

"कर. आणि कलमी झाडं कुठली, तुझ्या बापाने बी टाकून वाढवलेली कुठली, तेही तूच दाखव त्याला. दाखव जा."

 त्याचं लग्न झाल्यापासून तो डोंगर चढलाय कधी?

चाकू घेतला. गाडीत मी ओठाला पदर दाबून बसले. 

"उद्या मी येतो डोंगरावर," शेवटी तो म्हणाला. "खंडाचं राहूदे. चाकू मी उघडून देत जाईन."

"हातात द्यायचा नाही. उघडा चाकू हातातून हातात दिला की भांडण लागतं. जमिनीवर ठेवायचा. मी उचलीन."

"आणखी कसलं भांडण लागायचं राहिलंय, आये?"

"तरी जमिनीवरच."