बनुबाईच्या मापाचा ओटा

पलूसजवळच्या त्या शाळेचं उद्‌घाटन होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच नळ गळतोय म्हणून ठेकेदार नईमला परत बोलावणं आलं. मिरजेहून येताना तो वैतागूनच निघाला. शाळा बांधायची म्हणजे लग्नातल्या सगळ्या पाहुण्यांची मर्जी राखायची. सरपंचांना कमान हवी, गुरुजींना स्टेज, मॅडमना विजेचे जास्तीचे पॉइंट. विचारून विचारून त्याची जीभ झिजली होती.

नळ पाच मिनिटांत दुरुस्त झाला. नव्या स्वयंपाकघरात कमरेएवढा ग्रॅनाइटचा ओटा चकचकत होता, आणि चौदा वर्षं पोरांची खिचडी शिजवणारी बनुबाई मात्र मागच्या पत्र्याखाली तीन दगडांवर पातेलं चढवून बसली होती.

"मावशी बाहेर का?" नईमनं विचारलं.

"नाचता येईना अंगण वाकडं," शाळा समितीचे अध्यक्ष भाऊसो ताटल्या घेऊन बसलेल्या पोरांदेखत मोठ्यानं म्हणाले. "हिला ओटा जमंना. सोमवारपासनं हिच्या जागी क्रांतीला घेतोय."

बनुबाईनं मान खाली घातली. नईम पाना-पक्कड पिशवीत भरू लागला.

जेवणं उरकल्यावर त्यानं ते दीडशे पोरांचं रिकामं पातेलं ओट्यावरच्या शेगडीवर ठेवलं. काठ त्याच्याच छातीला लागला. बनुबाई तर त्याच्या खांद्याएवढी. त्याला शरम वाटली. नकाशातला ओटा घरच्या पाच माणसांच्या भाजीचा होता आणि त्यानं तो डोळे झाकून बांधला होता.

"अध्यक्ष, तुमीच ढवळून दावा."

भाऊसोंनी हात खांद्याच्या वर नेऊन उलथनं घातलं, दोनदा फिरवलं आणि खांदा चोळला.

"पाडा मग," ते चिडून म्हणाले.

शनिवार-रविवार नईम स्वतः थापी घेऊन बसला. वीतभर उंचीचा ओटा झाला, तसा तो बनुबाईच्या घरी गेला. ती शेंगा फोडत होती.

"मावशी, चला. तुमच्या मापाचा केलाय."

"माझं माप तू कवा घेतलंस रं?" तिनं हात थांबवला नाही. "पाया खणल्यापासनं रोज तुला ताट वाढलं. समद्यास्नी इचारलंस, मला न्हाई. पोरांम्होरं मला बोलले, तवाबी तू गप. आता जा, क्रांतीला इचार, तिला किती उंच लागतंय ते. मी न्हाई येनार."

बनुबाईनं वर बघितलं नाही. मग नईम क्रांतीचं घर कुठलं ते विचारत निघाला.