यमुनाबाईंचं विरजण

यमुनाबाई जाऊन दोन वर्षं झाली, तरी पुण्याजवळ मांजरीतल्या त्या आठव्या मजल्यावरच्या घरात दही त्यांचंच लागत होतं. तीस वर्षांपूर्वी लातूरहून एसटीने येताना त्यांनी मांडीवरच्या स्टीलच्या डबीत विरजण आणलं होतं. तेव्हापासून रोज एक चमचा मागे ठेवायचा, हा घरचा कायदा. उत्तरेश्वर आता एकटेच होते, पण कायदा मोडत नव्हते. बायकोच्या हातचं म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं. फोटो काय, सगळ्यांच्याच भिंतीवर असतो.

मध्यंतरी खोकला झाला, आणि खोकल्याच्या गोळ्यांनी पोट पार बिघडवलं. डॉक्टरांनी पुड्या दिल्या. पोस्टबायोटिक म्हणे.

"यातले जंतू मेलेलेच आहेत काका, पण त्यांचे अंश आतड्यांना उपयोगी पडतात. गरम दुधात घातलं तरी चालेल. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही."

पुण्याचा डॉक्टर तो, औषधाबरोबर टोमणा फुकट.

आठ दिवस उत्तरेश्वर उकळत्या दुधात पुडी ढवळत राहिले. हाताला वळण लागायला तेवढे दिवस पुरतात. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी दह्यासाठी दूध उतरवलं आणि करंगळी बुडवून न बघताच शेवटचा चमचा विरजण त्यात ढवळलं. चष्म्यावर वाफ आली तेव्हा चूक कळली. मार्केट यार्डात मालाची वजनं करणारा तोलणार म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, आणि दुधाचा अंदाज चुकावा! त्यांना स्वतःचा संताप आला.

त्यांनी बंगळुरूला मुलीला, प्रियदर्शनीला, फोन लावला.

"उकळत्या दुधात? मग मेलं ते, बाबा. आता दही नाही लागायचं. पाकिटातलं आणा ना."

"तुझ्या आईचं होतं गं."

"अजून तेच लावत होतात?" तिचा आवाज उतरला. "फेकू नका. तुमच्या पुडीसारखंच झालं ते. पिऊन टाका, पोटाला चालेल. मीटिंग आहे, संध्याकाळी करते."

दूध निवेपर्यंत ते ओट्यापाशीच उभे राहिले. मग पातेलंच तोंडाला लावलं. दूध गोड होतं, दह्याची आंबूस चव कुठेच नव्हती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. बघायला होतंच कोण?

पातेलं घासून पालथं घातल्यावर त्यांनी दूधवाल्याला फोन केला. उद्यापासून पाव लिटरच टाक, म्हणाले.

"का हो काका, घरातलं कुणी गावाला गेलं का?"

"हो," उत्तरेश्वर म्हणाले. "आज गेली."