डाव्या बाजूचा हात

"मावशी, मॅडम घोरायला लागल्या. आता तरी बोलू?" अमरीननं विचारलं.

"घोरंनात का. हात मापात ठेव," तुकाबाई पुटपुटली.

जुन्नरच्या त्या आयुर्वेद केंद्रात मालीशला दोघी लागतात. पेशंट पालथी, एक उजवीकडं, एक डावीकडं, आणि चारही तळवे एका लयीत मानेपासून कमरेपर्यंत. एक हात थांबला, की झोपलेलं माणूस दचकून उठतं. अकरा वर्षं डावीकडं आबेदा होती. तीन महिन्यांपूर्वी गेली. आज तिच्या जागेवर तिची पोरगी. पहिलाच दिवस.

तेलातल्या पाठीतून समोरचीचा दाब कळतो. अमरीनचा दाब हुबेहूब आईचा.

पुण्याच्या या मॅडमना झोप नाही, छातीत धडधड. त्यांच्यासाठी गरम तेल, मंद दिवा, दोन तास शांतता. मालीशवालीची मनगटं सुजली तर डॉक्टर म्हणतात, वयानं व्हायचंच.

"अम्मी शेवटी काय बोलली, मावशी? डॉक्टर म्हणतात, काहीच नाही. एकदम गेली."

काहीच नाही! "छातीत लई दुखतंय, साहेब," असं आबेदा म्हणाली होती. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "पित्त असेल. एवढा पेशंट उरका." मग वीस मिनिटं आबेदाचा हात हलका हलका होत गेला. त्या पाठीतून तुकाबाईला सगळं कळत होतं. तरी ती चोळत राहिली. लय मोडायची नाही, ही शिस्त हाडात भिनवलेली. तेव्हापासून कुणाच्याही पाठीला हात लावला, की समोरून तोच दाब यायचा आणि विझत जायचा.

पलीकडच्या खोलीत डॉक्टर फोनवर बोलत होते. नोकरी गेली तर गावाकडं डिंगोऱ्यात शेतावर मजुरी, तीही या मनगटांनी.

"खोटं बोलत्यात ते," तुकाबाई मोठ्यानं म्हणाली. "छातीत दुखतंय म्हनली व्हती. हे म्हनलं, उरका. आन् मी... मला समदं कळत व्हतं, पोरी. मी हात थांबवला न्हाई."

फोनवरचं बोलणं तुटलं.

अमरीनचे हात थांबले. मॅडम दचकल्या. "काय झालं? थांबलात का?"

अमरीननं टॉवेल घेतला, एकेक बोट पुसलं आणि दारात आलेल्या डॉक्टरांच्या शेजारून ती सरळ निघून गेली. तुकाबाईकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तुकाबाईचे तळवे अजून पाठीवरच होते. समोरून काहीच येत नव्हतं.