डबा बंद, यादी हजर

"डबा बंद करा!" महाराज गरजले.

चेअरमन तुळशीराम स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याचं बटण त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केलं. हिरवे दिवे विझले. मोरदांडा मच्छीमार सहकारी संस्थेच्या त्या एवढ्याशा खोलीत निम्मं गाव कोंबलं होतं, उरलेलं खिडक्यांना लटकलं होतं. कुलदीप महाराजांनी लॅपटॉपभोवती लिंबू फिरवलं, नारळ टेकवला, डोळे मिटून ओठ हलवले आणि बोटाने एक कळ दाबली.

स्क्रीनवर यादी उमटली. पापलेट, सुरमई, कोळंबी, प्रत्येकीचं वजन, गाडी येण्याची वेळ. सगळं ओळीने.

"डबा बंद हाय आनि यादी आली!" खिडकीतून कोणीतरी ओरडलं. बायांनी हात जोडले. भिकू खलाशाने तर चप्पल काढून ठेवली, आणि ती गर्दीत कोणाच्या तरी पायात गेली.

मीही तिथेच होतो, कपाटाला टेकून. गावच्या शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. मी हात जोडले नाहीत, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. तोंडही उघडलं नाही.

आता हे यादीचं प्रकरण काय, ते सांगतो. आमच्या संस्थेची मासळी एक निर्यात करणारी कंपनी घेते. आज कोणती मासळी किती हवी, याची यादी कंपनी रोज सकाळी सातला इंटरनेटवरच्या एका कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवते. आमच्याकडून कोणीतरी नाव आणि पासवर्ड घालून आत शिरायचं, यादी बघायची, त्याप्रमाणे मासळी निवडून बर्फात भरायची. हे काम संस्थेत नोकरीला असलेली भाविका करायची. गेल्या सोमवारी भाविकाने नेहमीसारखा पासवर्ड घातला. आत प्रवेश मिळाला. पण फोल्डर कोरा! खाली इंग्रजीत एक ओळ आली, तिचा अर्थ असा: जोडणी झाली, पण यादी मिळवता आली नाही.

भाविका म्हणाली, "काका, कंपनीला फोन करते."

"अजिबात नाय!" तुळशीराम म्हणाले. "यांना साधी यादी बघता येत नाय असं वाटलं, तर उद्यापासून कंपनी पलीकडच्या बंदरावर माल घेईल. आपली अब्रू घालवायची हाय का?"

म्हणून कंपनीला कळवलं नाही. मासळी अंदाजाने भरली. अंदाज चुकला, अर्धा माल परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तुळशीरामांच्या मेव्हण्याने कुलदीप महाराजांना आणलं.

महाराजांना कोण ओळखत नव्हतं? चार वर्षांपूर्वी माणगावच्या बाजारात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. नंतर एकदम भगवी लुंगी, खांद्याला झोळी आणि दृष्टान्त. मी एकदा त्यांच्याकडून फोनची काच बदलून घेतली होती. ती महिनाभरात तडकली, पण तो विषय वेगळा.

महाराजांनी पहिल्याच दिवशी दहा मिनिटं एकांत मागितला. सगळ्यांना बाहेर काढलं, लॅपटॉपसमोर एकटे बसले. मग दार उघडून म्हणाले, "दार उघडतंय, पण घर रिकामं दिसतंय. याचा अर्थ काय? घर रिकामं नाही! बंदराच्या राखणदाराने मध्ये पडदा टाकलाय. तो भिंतीवरचा हिरवे डोळे लुकलुकवणारा डबा नवीन ना? त्याचे डोळे राखणदाराला सहन होत नाहीत. मी येईन तेव्हा ते मिटायचे."

डबा बंद केला. यादी आली. महाराज जेवून निघाले, डबा सुरू केला, यादी गेली. तेव्हापासून सकाळी महाराजांची वाट बघायची, लिंबू फिरवायचं, आणि ते निघताना दोन पापलेटं केळीच्या पानात बांधून द्यायची. पैशाला मी शिवत नाही, असं महाराज फार अभिमानाने सांगत. पापलेटाला शिवत होते.

पण त्यांचा खरा डोळा होता खुर्चीवर. शुक्रवारी, सुरुवातीला सांगितली तशी यादी उमटल्यावर, लोक भारावलेले असताना, ते हळू आवाजात म्हणाले, "राखणदार रागावला का, ते मी सांगत नव्हतो. आज सांगावं लागतंय. ज्या बाईचा नवरा दर्याने नेला, तिने दर्याच्या मासळीच्या यादीला हात लावावा? हा पडदा तिच्या हाताने पडलाय. ती खुर्चीवरून उठेल त्या दिवशी पडदा कायमचा उठेल. माझा पुतण्या निकेत कॉम्प्युटर शिकलाय. सेवा म्हणून बसेल बिचारा."

भाविकाचा नवरा विनेश तीन वर्षांपूर्वी बोटीवरून परत आला नाही. पदरात रुचिका, तेव्हा दोन वर्षांची. संस्थेने भाविकाला ही नोकरी दिली, तिने रात्रंदिवस खपून काम शिकून घेतलं, आणि त्याच पगारावर ते घर उभं होतं. ती कपाटाजवळ माझ्या शेजारीच उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला. मला फार वाईट वाटलं. मी तरीही गप्प राहिलो.

तुळशीराम म्हणाले, "भाविका, पोरी, वाईट वाटून घेऊ नको. उद्या सभा घेतो, ठराव करून टाकू. तवर तू लॅपटॉपला हात लावू नको."

शनिवारी सभेला पुन्हा गर्दी. निकेत नवा शर्ट घालून आला होता. डबा बंद झाला, लिंबू फिरलं, यादी आली. तुळशीरामांनी ठरावाचा कागद हातात घेतला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब रं तुलशीराम."

भाविकाची सासू, जनी. पासष्टीची, वाळवणाच्या ओट्यावर बोंबील वाळत घालून काळी पडलेली, अंगठेबहाद्दर. गर्दी कोपरांनी बाजूला सारत ती टेबलापर्यंत आली.

"माजी सून उठंल खुर्चीवरून," ती म्हणाली. "पन मना एक सांग. चाळीस टोपल्या भरून ठेवल्यान आनि त्यातली एक घानेरडा वास मारते. तर आपन काय करताव?"

"काय करनार? एकेक टोपली बाजूला काढून बगताव, वास जातो का," तुळशीराम म्हणाले.

"मंग हितं पन तसंच करूया. पयली माजी सूनच का काढायची? महाराजांचं सामान हाय ना एवरं, ते एकेक काढून बगूया."

लोक हसले. महाराजही हसले, पण थोडे उशिरा. "माय, ही देवाची गोष्ट आहे. इथे परीक्षा घेत नाहीत."

"देवाची परीक्षा नाय घेत, तुमच्या लिंबाची घेतंय. मास्तर, तुमी हिकडं या. ते बटन दाबा, यादी फिरून मागायचं."

मला पुढे जावंच लागलं. जनीने लिंबू उचलून खिडकीबाहेर टाकलं. मी बटण दाबलं. यादी आली.

"लिंबू नाय," जनी म्हणाली. नारळ उचलून भिकूच्या हातात दिला. यादी आली. "नारल नाय." उदबत्ती विझवली. यादी आली. लोकांचं हसणं थांबलं आणि सगळे माना पुढे काढून बघायला लागले.

"आता महाराज, तुमी. जरा जेटीवर जाऊन हुबं र्‍हावा."

महाराज जागचे हलले. त्यांनी लॅपटॉपशेजारची झोळी उचलून खांद्याला अडकवली.

"झोली र्‍हाऊंद्या हितंच."

"झोळीत माझे प्राण आहेत, माय!"

"मंग प्रान हितं ठेवा, आनि नुसता देह जेटीवर जाऊंद्या."

अख्खी खोली खदखदून हसली. तुळशीरामांनाही हसू आवरेना. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय उरली नाही, तेव्हा महाराज झोळी ठेवून गेले. मी बटण दाबलं. यादी आली. महाराज जेटीवर, आणि यादी इथे!

मग जनीने झोळी उचलली आणि दोन्ही हातांत धरून थेट जेटीच्या टोकापर्यंत चालत गेली. मी बटण दाबलं.

कोरं. जोडणीच झाली नाही.

"मास्तर, काय झालं?" तुळशीरामांनी विचारलं.

"गेली यादी," मी म्हणालो.

जनी परत आली. झोळी टेबलावर उपडी केली. भस्माची पुडी, कंगवा, रुद्राक्षाची माळ, आणि एक मोठा, चकचकीत, चालू असलेला फोन. माझ्या मंद डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. महाराजांनी पहिल्या दिवशी एकांतात लॅपटॉप आपल्या फोनच्या इंटरनेटला जोडून ठेवला होता. डबा बंद झाला की लॅपटॉप आपोआप झोळीतला फोन धरायचा. बंद डब्यातून यादी येत नव्हतीच, झोळीतून येत होती!

मी हे सांगितलं, तरी खिडकीतला एकजण म्हणाला, "पन फोन महाराजांचा हाय ना. त्याच्यातच शक्ती असंल."

याचं उत्तर भाविकाने दिलं. दोन दिवसांत पहिल्यांदा ती बोलली. "भिकूदादा, तुमचा फोन द्या."

भिकूचा फोन म्हणजे काचेला तीन तडे, वर रबरबँड आणि बांगड्याचा वास. भाविका स्वतःच्या खुर्चीवर बसली. तिने महाराजांचा फोन बंद केला, लॅपटॉप भिकूच्या फोनला जोडला, पासवर्ड घातला. यादी झरझर उमटली. भिकूच्या फोनला आजवर कोणी लिंबू दाखवलं नव्हतं, पापलेट तर सोडाच.

भिकू म्हणाला, "आयला, म्हंजे मी पन महाराज!"

मग भाविकाने कोणाला न विचारता फोन स्पीकरवर टाकून कंपनीला लावला. पलीकडे हेमांगी नावाची मुलगी होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "ताई, एवढ्यात इंटरनेटचा डबा बदललाय का?"

"हो. रविवारी फिटर नवा लावून गेला."

"मग बरोबर. लॉगिन होतं तो रस्ता वेगळा आणि यादी येते तो वेगळा. पासवर्डचं बोलणं एका ठरलेल्या दारातून होतं. यादी मात्र दर वेळी एक नवं दार उघडून त्यातून येते. तुमच्या नव्या डब्याची सुरक्षा कडक लावलेली असणार, ओळखीची दारं सोडून बाकी सगळी बंद. म्हणून तुम्ही आत जाता, पण यादी अडकते. फोनवर तसा अडसर नाही. आम्ही कोणती दारं वापरतो त्यांचे आकडे सांगते, तेवढेच डब्यात उघडायचे. सगळी सुरक्षा काढून टाकू नका हं."

डबा पुन्हा सुरू केला. हेमांगी सांगत गेली, भाविका करत गेली. पाव तासाचं काम. हिरवे दिवे लुकलुकत होते, राखणदाराच्या डोळ्यांदेखत, आणि यादी आली.

"सोमवारीच फोन करायचा ना," हेमांगी म्हणाली. "असले दोन-तीन फोन आम्हाला रोज येतात."

तुळशीरामांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. निकेत कधी सटकला ते कळलं नाही. महाराज जेटीवरूनच परस्पर गेले होते, फोनसुद्धा न घेता. दुकान चालवताना असे अडकलेले डबे त्यांनी कितीतरी बघितले असतील. एका वाक्यात सांगून टाकलं असतं, तर गावाने त्यांना आनंदाने पापलेट खिलवलं असतं. पण त्यांना पुतण्यासाठी खुर्ची हवी होती आणि ती रिकामी करायला एक विधवा सोपी वाटली. याचा मला अजून संताप येतो.

गर्दी पांगायला लागली तेव्हा जनी टेबलाला धरून उभी राहिली.

"आता सगल्यांनी ऐका. माजा विनेश गेला तवा वादलाची सूचना आली व्हती. इंजिन दोन दिस कुरकुरत व्हता. तरी गेला. त्याना वाऱ्यानं नेला, इंजिनानं नेला. हिच्या पायगुनानं नाय. मी आई हाय त्याची. मी बोलतंय."

भाविका तेव्हा रडली. सासूने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "रडतंस काय, यादी वाच. मासली खराब व्हईल."

वाचकहो, काही बिघडलं की कारण असतंच, आणि शोधलं की बहुतेक वेळा सापडतं. शोधण्याची रीत जनीने सांगितली, तीच प्रयोगशाळेतही चालते: एका वेळी एकच टोपली बाजूला काढा आणि बघा. ज्याला माहिती आहे त्याला फोन करा, त्यात अब्रू जात नाही. आणि पहिल्यांदा बाजूला काढायची टोपली म्हणून कोणा बाईकडे बोट दाखवणारा माणूस भेटला, तर त्याची झोळी तपासा.

संध्याकाळी जनी ओट्यावर बोंबील गोळा करताना भेटली. मी म्हणालो, "जनीबाय, कमाल केलीस."

तिने मान वर केली नाही. "मास्तर, माजा विनेश तुमच्याच शालेत शिकला. घरी येऊन सांगायचा, मास्तर बोलतान, डोल्यांनी बगितल्याशिवाय काय पन मानायचं नाय. मंग शुक्रवारी तुमी कपाटाला टेकून गप का व्हताव?"

सव्वीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले. या एका प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. तुम्ही तरी शुक्रवारीच बोला. शनिवारी दर वेळी जनी असेलच असं नाही.