बरी झाली की ये

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारचा तांडा ओस पडतो. घाटंजीच्या अलीकडच्या त्या तांड्यातही मागे उरायचे ते म्हातारे, शेळ्या आणि लखीराम राठोडांची ममता. ओसरीत जिथवर ऊन पोचत नाही तिथे भिंतीला टेकून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हे काम तिला दुपारीच जमे. सकाळी बोटं ताठलेली असत. भाकरी थापणं दूरच, कपाचा कानसुद्धा धरता येत नसे. म्हणून भाकरी आई, धनीबाई, थापून शेतात जायची आणि जाताना एकदा तरी म्हणायची, "सून घरात असती तं हे माह्या मागं नसतं लागलं."

सून होती. ममताच्या भावाची, धावजीची, बायको बबिता. पण तिला टीबी निघाला होता आणि ती पांढरकवड्याकडे तिच्या माहेरी होती.

फोन वाजला. पडद्यावर शामचं नाव पाहून ममतानं आधी पदराला हात पुसले. नवऱ्याचा फोन येऊन बरेच महिने झाले होते.

"ममता? व्हिडिओ पाह्यला तुहा. बरी झाली म्हने तू."

"कोणता व्हिडिओ?"

"तो नाई का, गानं म्हनून राह्यली तू मांडवात. खाली लिवलं हाय, येशूनं बरं केलं म्हनून. बा म्हने, उद्याच जाऊन घेऊन येऊ." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "गाल कसे भरले तुहे!"

फोन ठेवल्यावर ममतानं गालाला हात लावला. गाल भरले नव्हते, सुजले होते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा असा गोल होतो हे तिला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून ती जितकी सुजे तितके लोक म्हणत, पोरगी सुधारली.

बी.एस्सी. झालेली ममता लग्नानंतर राळेगावकडच्या एका आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायची. सकाळी परिपाठाला मैदानात उभं राहिलं की गालांवर लाल चट्टे उठू लागले. मग ताप, मग सांधे, मग मुठीमुठीनं गळणारे केस. सासरे देवीलाल यांनी आधी भगत केला, मग डॉक्टर. दोन गर्भ टिकले नाहीत, तेव्हा कुठे यवतमाळच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. शरीराची राखण करणाऱ्या पेशी घरच्याच पेशींना परकं समजून त्यांच्यावर धावून जातात, असा तो आजार. तो कोणाला लागत नाही, पुरता जातही नाही. गोळ्या चालू ठेवल्या तर आटोक्यात राहतो. सासरी यातलं 'जात नाही' एवढंच ऐकू गेलं. शाळेनं पुढच्या सत्राला बोलावलं नाही. आणि एका सकाळी शामनं तिची पेटी दुधाच्या गाडीत ठेवली. "बरी झाली की ये," तो म्हणाला. म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते, म्हणून तिला ते वाक्य प्रेमाचं वाटलं.

तिकडे यात कोणाला काही वावगं वाटत नसे. बाळंतपण माहेरचं, तसं सुनेचं दुखणंही माहेरचं. दुकानातून आणलेला पंखा फिरेना तर तो ज्याचा त्याला नेऊन देतात, इतक्या सहज सून परत जायची.

माहेरी तेच वाक्य वेगवेगळ्या तोंडांतून आलं. चुलतबहिणीच्या हळदीला तिला कोणी बोलावलं नाही, काकू म्हणाली, "तू आराम कर, माय. बरी झाली की नाचजो." आईनं देवीला नवस बोलला, बापानं बोकड कबूल केला. दुखणं हललं नाही. माणसांसारखाच देवही आपण बरं होण्याची वाट पाहत दूर कुठेतरी बसला असावा, असं ममताला वाटू लागलं.

अशात एका दुपारी जमनी आली. तांड्याच्या टोकाला राहणारी ही एकडोळी विधवा येशूला मानू लागली होती. रविवारी तिच्या अंगणात प्रार्थना होई आणि बाकीचा तांडा त्या बाजूनं जाताना बोलणं थांबवी. ममता तापात पडली होती. केसांना कित्येक दिवस कंगवा लागला नव्हता. जमनीनं काही न विचारता पाणी तापवलं, तिचं डोकं धुतलं आणि हलक्या हातानं केस विंचरले. कंगव्यात आलेला केसांचा पुंजका तिनं बोटाला गुंडाळला आणि गुपचूप स्वतःच्या कमरेला खोचला. ममताला तो दिसू नये म्हणून. पण ममताला ते दिसलं.

"ऐतवारी येजो आमच्याकडं," जमनी उठताना म्हणाली.

"बरी झाली की येईन, काकी."

"कायले? बऱ्या बाया कापूस वेचाले जातात. तू अशीच ये."

ममता हसली, आणि मग तिच्या ध्यानात आलं की सासर, माहेर, देव, कोणीच आजवर तिला असं बोलावलं नव्हतं. ते वाक्य इतक्यांदा कानावर पडलं होतं की आता तिची स्वतःची जीभही तेच म्हणत होती.

ती गेली. विज्ञान शिकलेल्या मुलीला डोळे मिटून बोलणाऱ्या माणसांचा आधी संकोचच वाटला. ती मागच्या खांबाशी बसे. एका रविवारी कुंडाकाठी वर्षानुवर्षं पडून असलेल्या आजारी माणसाची गोष्ट वाचली गेली. प्रभूनं त्याला उठवलं, सगळे आमेन म्हणाले. ममता मात्र चिडली.

"त्याले उठवलं. मले काहून नाही?" तिनं जमनीला दारातच धरलं.

"मले का मालूम, बाई? मीबी मांगतलं होतं. डोळा काही वापस आला नाई. आला तो येशू."

"तेवढ्यानं भागते?"

"कधी भागते, कधी नाई भागत. मंग भांडतो मी त्याच्यासंग. तूबी भांड."

ममता भांडली. रोज दुपारी, रिकाम्या घरात. कधी शिव्याही दिल्या. एकदा ताप चढलेला असताना ती मोठ्यानं म्हणाली, "मी बरी नाही. बहुतेक होणारही नाही. आता काय म्हणतोस?" उत्तर आलं नाही. पण या वाक्यानंतर आजवर जे व्हायचं तेही झालं नाही. कोणी उठून गेलं नाही, कोणी मान फिरवली नाही. कोणीतरी उशाशी बसून आहे आणि त्याला कुठंच जायची घाई नाही, असं तिला स्वच्छ जाणवलं. ताप उतरला नव्हता. तरी ती निवांत झोपली. जमनी याला कृपा म्हणायची. ममताला तो तोवर अर्जात लिहायचा शब्द वाटत होता.

इथवर ठीक होतं. पण प्रार्थना घ्यायला मोटारसायकलवर येणारा पास्टर इंद्रजीत मनानं चांगला असला तरी उतावळा होता. ममताचा गोल चेहरा पाहून त्यानं जमनीच्या अंगणातल्या मांडवातच जाहीर केलं की ताई बरी झाली. "भाऊ, ही गोळ्यांची सूज आहे," ममता म्हणाली. "विश्वासानं बोला, ताई, विश्वासानं!" तो म्हणाला. ती वैतागून उठून आली. व्हिडिओ त्यानं आधीच पाठवून दिला होता, हे तिला आज कळत होतं.

दुसऱ्या दिवशी देवीलाल आणि शाम आले. देवीलालांच्या पिशवीत साडी आणि नारळ होता. लखीरामनं खाटेवर नवी सतरंजी टाकली. धावजी शेतातून लवकर आला. डोक्यावर पदर घेऊन ममतानं चहा आणला.

"वा वा! सूनबाई तं एकदम टवटवीत!" देवीलाल म्हणाले. "म्या म्हटलं शामच्या मायले, येशू तं येशू. काम झालं ना आपलं? पन सूनबाई, तिकडं ते गानं-प्रार्थना नाई चालनार. आन त्या गोळ्या इथंच ठेवजो. बऱ्या बाईले गोळ्या कायले?"

ममता कप घेऊन आत वळली, तशी धनीबाई तिच्या मागोमाग आली.

"काही बोलू नको. हो म्हन. येवढं एक म्हन, बरी हाव म्हनून."

"गोळ्या बंद केल्या तर मरीन मी, आई. किडनी जाते यात."

"लपून खाजो ना! घर तं भेटते? लोक मले का का म्हनून राह्यले, तुले नाई मालूम." धनीबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. "तुहा देव एवढ्या एका शब्दासाठी रागावन का?"

ममतानं कप चुलीपाशी ठेवले. तिला जायचं होतं. आपली खोली, आपला आरसा, शामच्या गाडीचा दुरून ओळखू येणारा आवाज, सगळं तिला हवं होतं, आणि एका शब्दावर ते मिळत होतं. तो शब्द एकदा उच्चारला की मग रोज उच्चारावा लागणार होता, ताठलेल्या बोटांनी भाकरी थापत. देवापुढे ती खरं बोलली होती आणि त्यानं तिला हाकललं नव्हतं. 'आता इथंच बस,' ती मनात त्याला म्हणाली आणि बाहेर आली.

"मामाजी, मी बरी नाही."

"म्हंजे?"

"व्हिडिओ चुकीचा आहे. हे गाल गोळ्यांनी सुजले. आजार आहे तसाच आहे, तसाच राहील." मग ती शामकडे वळली. "तू म्हणाला होतास, बरी झाली की ये. तशी नाही झाली. अशीच नेतोस का?"

शामनं बापाकडे पाहिलं. बापानं नारळाकडे.

"असं कसं, सूनबाई," देवीलाल म्हणाले. "दुखनं माहेरचं असते. आमच्या आजीच्या वक्तापासून हेच हाय."

"तुमचा पाय शुगरनं काळा पडलता तेव्हा मीच रोज पुसून पट्टी बांधत होती. सासूबाईंचे गुडघे गेले. तुमाले कोणी कुठं धाडलं, मामाजी? सासूबाईंचं माहेर कुठं गेलं?"

"ममते!" लखीराम ओरडला.

"वरडू नका, व्याही," देवीलाल उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पोरीले लय शिकवलं तुमी. पन तुमी तुमच्या सुनेले काय केलं ते नाई शिकवलं? आमी एक धाडली, तुमी एक धाडली. मंग आमालेच काहून बोल?"

साडी खाटेवर तशीच राहिली. नारळ तेवढा देवीलालांनी आठवणीनं पिशवीत टाकला. शाम फाटकापाशी जरा घुटमळला. "ममता, मी..." एवढंच म्हणाला आणि बापानं हाक मारताच गेला.

"मोडलं घर," लखीराम म्हणाला. "हेच शिकवते का तुहा येशू?"

देवीलालांच्या शब्दांनी ममताला जागीच खिळवलं होतं. माणूस खोटा होता, पण बोलला ते खोटं नव्हतं. बबिताच्याच खोलीत आज ममताची खाट होती. टीबीचं औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत लागण थांबते, हे ममतानं वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. बबिताच्या थुंकीचा रिपोर्ट केव्हाच साफ आला होता. तरी 'अंगानं भरली की आणू' असं आई म्हणाली तेव्हा ममता गप्प राहिली होती. खोली सोयीची होती. जमनीच्या अंगणात बसून कृपेची गाणी म्हणताना बबिताची तिला एकदाही आठवण झाली नव्हती. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"बा, वहिनीला आणा," ती म्हणाली.

"आता हे काय नवीन?"

"अंगात ताकत तं येऊ दे तिच्या," धनीबाई पुटपुटली. "बरी झाली की..." आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडून ती थांबली.

"धावजी, तू येतोस?"

धावजी अंगठ्यानं माती उकरत राहिला. "बा म्हनतीन तसं."

"मग मी जाते."

सकाळी तिनं बोटं कोमट पाण्यात धरून सैल केली, उन्हासाठी डोक्यातोंडावर ओढणी गुंडाळली आणि गोळ्यांची पिशवी घेतली. जमनीला तिनं काही सांगितलं नव्हतं, तरी ती रस्त्यावर उभी होती. "तो व्हिडिओ मिटवाले लावला त्या पास्टर पोराले," ती म्हणाली. "लय लाजला." दोघी एस.टी.त बसल्या. गुडघे ठणकत होते. ममता मनातल्या मनात देवाशी भांडतच होती. एवढं सगळं करायला लावायचं तर जरा बरं तरी करायचं होतंस.

बबिताच्या माहेरी अंगणाच्या कडेला, गोठ्याला लागून, एक वेगळी खाट होती. खाटेखाली वेगळं ताट, वेगळा तांब्या. बबिता उठून बसली. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. नणंदेला पाहून तिनं घाईनं पदर तोंडावर धरला आणि खाटेच्या पार दुसऱ्या टोकाला सरकली.

"जवळ नको येऊ, बाई. अजून खोकला हाय. बरी नाई झालो मी."

ममतानं वाकून तिचं ताट उचललं, तांब्या उचलला. बोटांतून कळ गेली. तिनं तोंडावरची ओढणी खाली केली, तसे ते सुजलेले गाल आणि त्यांवरचे चट्टे उन्हात उघडे पडले.

"मीबी नाही झाली," ती म्हणाली. "चाल."