अकरा नंबरचा हमाल

"साहेबांच्या कुत्र्याचं नाव लिहिलंय बघ. वयसुद्धा," भिंगातून यादी वाचत दप्तरखान्यातला फोटोवाला म्हणाला. "तुझ्या आजोबांचं काय लिहिलंय?"

"अकरा," कारकून म्हणाला. आजीने जपलेल्या आजोबांच्या मजुरीच्या चिठ्ठीवर हाच आकडा होता.

कोणे एके काळी साहेबांनी सरहद्दीच्या डोंगरी मुलखात सरकारी दौरा काढला होता. त्या दौऱ्याच्या फोटोंच्या निगेटिव्ह काचा कारकून एकवीस वर्षं पुसत आला होता. हमालांची यादी मात्र आत्ता सापडली, गुरांच्या लसीकरणाच्या फायलीत. यादीप्रमाणे अकरा नंबरच्या डोक्यावर साहेबांचा आंघोळीचा जस्ती टब होता. त्या थंडीत साहेबांनी आंघोळ एकदाच केली. खाली शेरा होता: टब सुखरूप परत. अकरा नंबर खिंडीत मयत.

कारकुनाची आई तेव्हा पोटात होती. तिने बाप पाहिलाच नव्हता, आणि आता तिचे डोळे चालले होते. डॉक्टरांनी महिना सांगितला. त्यातले वीस दिवस काचेवरून फोटो छापायच्या अर्जावर सही मिळवण्यात गेले.

फोटोत टब लगेच सापडला. त्याचा पोचा न् पोचा स्पष्ट. टबाखाली छाती, गुडघे, अनवाणी पाय. चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग.

"तेव्हा पाच-सहा सेकंद पुतळ्यासारखं उभं राहावं लागायचं," फोटोवाला म्हणाला. "मान हलली की चेहरा पुसला. यांचा दुसरा फोटो नाही रे. टबाचे चार आहेत."

घरी आईने खिडकीपाशी बसून फोटो पार नाकाला लावला. "यातला कुठला माझा बाबा?"

कारकुनाचं बोट डागापर्यंत गेलं आणि शेजारच्या हमालावर टेकलं. त्याला निदान मिशा होत्या.

"हा."

आई बघत राहिली. परीक्षेला बसायचं असल्यासारखी भुवया, कान, मिशा पुटपुटत पाठ करू लागली. "माझं कपाळ बाबावर गेलंय. नाही रे?"

"हुबेहूब."

"आणि हा टबवाला कोण? याला तोंडच नाही."

"कुणी नाही, आई. हलला तो."

"मेल्याला घटकाभर उभं राहता आलं नाही?" आई वैतागली. "याची पोरं काय बघतील आता?"

मग तिने जिभेवर बोट ओलं केलं आणि तो डाग हळूच पुसून पाहिला.